ब्रा घेताना या चुका टाळा: आधी पट्टा, मग कप

खांद्यावर वळ उठतात, मागचा पट्टा वर चढतो, दिवसभर ब्रा खाली ओढत बसावं लागतं. यावर बहुतेकींचा उपाय एकच, खांद्याच्या पट्ट्या आणखी आवळायच्या. त्याने त्रास वाढतोच. आधाराचं मुख्य काम छातीखालच्या पट्ट्याचं. तो सैल असला की भार खांद्यांवर येतो, आणि खांदे आवळले की मागची बाजू अजून वर खेचली जाते.

पट्टा सैल निघतो तो मापामुळे. नेहमीचं उदाहरण घ्या: छातीखाली 30 इंच, सर्वात भरलेल्या भागावर 35. दुकानात ड्रेसवरूनच टेप फिरते, 35 चे 36 होतात आणि काउंटरवर 36 बी येते. पुढून ठीक दिसते, म्हणून बाई वर्षानुवर्षं तीच घेते. ब्राच्या मापात आकडा पट्ट्याचा आणि अक्षर कपचं; कप ठरतो तो या दोन मापांतल्या फरकावरून. वास्तविक इथे फरक 5 इंचांचा आहे. 1 इंच फरक म्हणजे ए, 2 बी, 3 सी, 4 डी, 5 डीडी. म्हणजे तिचं माप 30 डीडी. आता हे बघा: 30 डीडी, 32 डी, 34 सी आणि 36 बी, चारही ब्रांचे कप साधारण एकाच मापाचे. तिचा कप कधी चुकलाच नव्हता, पट्टा मात्र तीन साइज सैल होता! 30 डीडी सहजी मिळत नाही. मग 32 डी घ्यावी. ‘डी म्हणजे फार मोठी’ म्हणून बिचकू नका, 32 चा डी हा 36 च्या डीपेक्षा बराच लहान असतो. आणि पट्ट्याचा आकडा काढायला छातीखालच्या मापात 4-5 इंच मिळवायचा जुना हिशेब सोडून द्या.

नवी ब्रा सर्वात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक ताणत गेलं की आतले हूक कामाला येतात. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर घालावी लागते ती घेऊच नका. मागे पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ नाही. घट्ट झाली म्हणून मॅचिंग सेंटरमधून हुकाची जोडपट्टी आणणं तात्पुरतं ठीक; कप लहान असेल तर तिचा काही उपयोग नाही.

घालताना किंचित वाका, काखेकडचा भाग हाताने कपात घ्या, मग सरळ उभ्या राहा. कपाच्या कडेवरून फुगवटा आला किंवा वायर स्तनावर टेकली, तर कप लहान. वरच्या बाजूला पोकळी राहिली, तर लगेच कप कमी करू नका. वरचा भाग कमी भरलेला असेल तर पूर्ण झाकणाऱ्या कपात पोकळी राहणारच. तिथे डेमी कप, म्हणजे वरचा भाग उघडा ठेवणारा कप बसतो.

पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी नको, त्वचेच्या रंगाची हवी. अंगालगतच्या टी-शर्टखाली लेस नको, बिनशिवणीचा मोल्डेड कप. ब्लाउजचं माप देताना तीच ब्रा घालून जा जी साडीखाली घालणार आहात. पॅडेडवर माप देऊन साध्या ब्रावर ब्लाउज घातला की पुढे चुण्या पडतात, आणि बोलणी टेलरला बसतात.

धुताना हूक लावून, थंड पाण्यात. पिळू नका, फोमचा कप एकदा मोडला की सरळ होत नाही. वाळत घालताना मधल्या भागावर अडकवा. पट्ट्यांना लटकवली तर ओल्या वजनाने त्या लांबतात.