देवनागरीसाठी बोरू कसा तासावा

दुकानात मिळणारे बहुतेक कट निब, म्हणजे सपाट छाटलेल्या टोकाचे टाक, रोमन अक्षरांच्या सोयीचे असतात. त्यांनी मराठी लिहिलं की वळण परकं दिसतं आणि लिहिणारा आपल्या हाताला दोष देतो. दोष कापाचा असतो. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. देवनागरीच्या पारंपरिक वळणात ती बारीक आणि उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. म्हणून बोरू, म्हणजे काडीची लेखणी, आपणच तासावा.

बरूची किंवा बारीक बांबूची करंगळीएवढी जाड, पूर्ण वाळलेली काडी घ्या. लांबी 18 ते 20 सेंमी, टोकाजवळ पेर नको. धारदार चाकूने, पातं अंगापासून दूर नेत, टोकाशी 3 सेंमी लांब उतरता काप घ्या. आतला भुसभुशीत गर पूर्ण खरवडा. तो राहिला तर शाई पितो आणि टोक मऊ पडतं. टोकाच्या दोन्ही बाजू तासून टोक 4 मिमी रुंद करा, मधोमध दीड सेंमी चीर द्या. टोक छाटायचं ते चिरेनंतरच, नाहीतर छाटलेली धार चीर देताना फुटते.

शेवटची छाटणी सगळ्यात महत्त्वाची. टोक कठीण लाकडावर टेकवून एका दाबात, 45 अंशांत तिरकं छाटा. चाकू मागेपुढे केलात तर धार दातेरी होते आणि रेघेची कड फाटते. सालीची बाजू वर, टोक आपल्यापासून दूर, असं धरून पाहिलं की डावा कोपरा लांब आणि उजवा आखूड दिसायला हवा.

लिहिताना बोरूची शेपटी, म्हणजे मागचं टोक, जवळजवळ सरळ आपल्याकडे ठेवा. ती उजव्या खांद्याकडे झुकतेच. जितकी झुकेल तितकं कागदाचं वरचं टोक डावीकडे कलवा.

कोन जमला का, हे एक उभा काना आणि एक आडवी शिरोरेषा काढून कळतं. 4 मिमीच्या टोकाने दोन्ही सारख्याच, सुमारे 4 मिमी जाड आल्या पाहिजेत. काना जाड आणि शिरोरेषा बारीक आली तर धार आडवी पडते आहे. उलट झालं तर उभी.

अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली टोकाच्या पाचपट, म्हणजे 20 मिमी, धरून सुरुवात करा. लहान काढलं तर ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची पोटं शाईने बुजतात. सरावाला आधी ‘व’ घ्या, मग ‘ब’, ‘क’. एकाच गोलात जाड-बारीक दोन्ही येतं. शिरोरेषा शेवटी. मोडीत मात्र ओळभर रेघ आधी ओढून अक्षरं तिच्याखाली लिहीत.

शाईचा थेंब गळला तर बोरू जास्त बुडवला जातो आहे. सेंटीमीटरभर पुरे, आणि दौतीच्या काठाला टेकवून निथळू द्या. रेघ मध्येच तुटली तर चीर बंद झाली आहे किंवा कागद तेलकट आहे. काम झालं की टोक लगेच धुऊन पुसा. बोथटलं तर मिलिमीटरभर छाटा, कोन तोच ठेवून.