स्वस्तातल्या एअर रायफलसाठी रेड डॉट कसा निवडावा

चाळिशी ओलांडली की एअर रायफलची माशी धूसर दिसायला लागते. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य, या तिन्हींवर डोळा एकाच वेळी ठरत नाही. मला हे सोलापुरात, गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर पोरांसोबत फुगे फोडताना पहिल्यांदा जाणवलं. रेड डॉट ही बंदुकीवर बसवायची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन. तिच्यात माशी आणि खाच जुळवावी लागत नाही. काचेत लाल ठिपका दिसतो, तोही लक्ष्याइतकाच लांब असल्यासारखा. नजर लक्ष्यावर ठेवायची, ठिपका तिथे आणायचा आणि चाप ओढायचा. हा लेझर नव्हे. ठिपका फक्त तुम्हाला दिसतो, समोरच्या भिंतीवर काहीच पडत नाही.

खरेदीआधी दोन गोष्टी पाहून घ्या. साडेचार मिलिमीटर नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. त्यापुढे परवाना लागतो. दुसरं, पोराला क्लबात घालून स्पर्धेला उतरवायचं असेल तर रेड डॉटवर पैसे घालू नका. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं कांस्य जिंकल्यापासून पुष्कळ आईबाप चौकशी करतात, म्हणून सांगतो. 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत रेड डॉट चालत नाही. हा लेख घरामागच्या मोकळ्या जागेत, शेतात, कागदावर आणि डब्यांवर नेम धरणाऱ्यांसाठी आहे.

आधी बंदूक बघा, मग साइट

नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची बंदूक साइटला फार छळते. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि बंदूक मागे येते. पिस्टन टोकाला थांबतो तेव्हा तीच बंदूक पुढे ढकलली जाते. असा दुहेरी झटका दर छऱ्याला बसतो. म्हणून साध्या बंदुकीला काहीही चालतं हा समज उलटा आहे. माझी पहिली साइट दिसायला देखणी होती, चार आकारांचे ठिपके आणि हिरवा-लाल दोन्ही रंग होते. दोन आठवड्यांत ठिपका झटक्यासरशी विझायला लागला. आत सेल धरणारी पत्ती सैल पडली होती. विकणाऱ्यानं हात वर केले. तेव्हापासून मी एकच प्रश्न आधी विचारतो, ‘ही स्प्रिंगच्या एअर रायफलला चालते, असं कंपनीनं लिहून दिलंय का?’ डब्यावर किंवा माहितीपत्रकात ते नसेल तर बाकी गुण कितीही असोत, ती ठेवून द्या.

त्यानंतर माउंट, म्हणजे साइट बंदुकीवर धरून ठेवणारी पकड. बहुतेक एअर रायफलींवर 11 मिलिमीटरची अरुंद खाच असते, तर बाजारातल्या बऱ्याच साइट रुंद पिकॅटिनी पट्टीसाठी बनलेल्या असतात. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. घरून निघताना बंदुकीवरची खाच फूटपट्टीनं मोजून जा. अडॅप्टर लागणार असेल तर त्याची किंमत आधीच धरा. माउंटला मागे सरकू न देणारा खिळा किंवा स्टॉप हवा. तो नसेल तर शंभरेक छऱ्यांत साइट मागे सरकते आणि माणूस नेमाला दोष देत बसतो.

ठिपका किती मोठा?

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं बारीक माप) लिहितात. 10 मीटरवर 1 एमओए म्हणजे साधारण 2.9 मिलिमीटर. यावरून 3 एमओएचा ठिपका 10 मीटरवर जवळपास 9 मिलिमीटर झाकतो आणि 5 एमओएचा साडेचौदा. स्पर्धेच्या 10 मीटरच्या कागदावरचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा असतो. म्हणजे 5 एमओएचा ठिपका रुंदीला निम्मा गोल खातो. कागदावर बारीक नेम हवा असेल तर 2 किंवा 3 एमओए घ्या. फक्त डबे पाडायचे असतील तर 5 चालेल, डोळ्याला पटकन सापडतो.

साइट नळीसारखी बंद घ्यावी की उघड्या काचेची? मी बंदच सांगेन. उघडीत ठिपका पाडणारा दिवा खुला असतो. आपल्याकडच्या फुफाट्याचा एक कण त्यावर बसला की ठिपका फाटलेला दिसतो. नावातल्या ‘होलोग्राफिक’ शब्दावर जाऊ नका. खऱ्या होलोग्राफिक साइटमध्ये लेझर लागतो आणि ती स्वस्तात मिळत नाही. स्वस्तातल्यांवर तो शब्द असला तरी आत साधा एलईडीच असतो.

दुकानात हातात घेऊन काय तपासाल

साइट काउंटरवर टेकवा, समोर एक खूण ठरवा आणि डोकं हळूच डावी-उजवीकडे न्या. ठिपका थोडा सरकणारच. खुणेवरून पार निघून गेला तर ती नको. मग बाहेर उन्हात या. एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या भिंतीवर ठिपका दिसला पाहिजे, सोलापुरात ही परीक्षा टाळून उपयोग नाही. तळहातानं हलकेच ठोकून बघा, ठिपका लुकलुकता कामा नये. ठिपका वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचे स्क्रू फिरवताना प्रत्येक खटका बोटाला स्पष्ट लागावा. सेल सीआर 2032 असेल तर उत्तम, नवी पेठेत कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

ठिपका गोल न दिसता चांदणीसारखा पसरला तर लगेच साइटला नावं ठेवू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथे गोल दिसला तर दोष डोळ्यातल्या सिलिंडरच्या नंबरचा आहे. चष्मा लावून पुन्हा बघा.

बसवणं आणि झीरो करणं

माउंटच्या स्क्रूचं तेल पुसा, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा आणि दोन्ही बाजू आळीपाळीनं आवळा. मागे छर्रा अडवायला लाकडी खोकं घ्या, त्यात चादरीच्या आणि टॉवेलच्या चिंध्या गच्च ठासा, पाठीशी जाड लोखंडी पत्रा लावा. चिंध्यांना आपल्या गावात काय तोटा! डोळ्यांवर गॉगल सगळ्यांनी घालायचा, बघणाऱ्यांनीसुद्धा.

आता झीरो करणं, म्हणजे ठिपका आणि छर्रा एकाच जागी आणणं. नेम धरताना बंदूक कडक विटेवर टेकवू नका. वाळूच्या पिशवीवर हात, हातावर बंदूक, पकड सैल. आधी 5 मीटरवरून मारा. साइट नळीपेक्षा सुमारे 4 सेंटिमीटर उंच बसते, त्यामुळे इथे छर्रा दीड-दोन सेंटिमीटर खाली लागला तरी बरोबरच आहे. मग 10 मीटरवर या आणि पाच छरे मारा. एका छऱ्यावरून स्क्रू फिरवू नका, पाचांचा मध्य काढा. समजा मध्य 12 मिलिमीटर खाली आहे आणि एक खटका 1 एमओएचा आहे. 12 भागिले 2.9 म्हणजे चार खटके वर. पुन्हा पाच. ठिपका वर-खाली करायचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी छर्रा खालीच लागत असेल तर साइट खराब आहे असं नाही. मोडून भरायच्या बंदुकीची नळी किंचित खाली झुकलेली असते. माउंटच्या मागच्या बाजूला खाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवा.

छऱ्याशिवाय चाप ओढू नका, पिस्टन आपटतो. पाखरांवर तर कधीच नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या उशाला आहे आणि शिकार हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

पहिल्या शंभर छऱ्यांनंतर माउंटचे स्क्रू पुन्हा तपासा. महिनाभर बंदूक काढणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा, आणि मे महिन्यात साइट बंद गाडीत विसरू नका.