होडी पूर्वेला, कॅल्क्युलेटर पश्चिमेला

रविवारी भाचीनं वही पुढे केली. ‘मामा, होडी बंदरातून ०६०° वर ८ किमी गेली, मग १५०° वर ६ किमी. बंदरापासून आता कुठल्या बेअरिंगवर?’ अंतर १० किमी लगेच आलं, बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा, काही जुळेना. दादर ते बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या तेच डोक्यात.

घोळ सवयीचा होता. शाळेत कोन क्ष-अक्षापासून, घड्याळाच्या उलट मोजायचो. बेअरिंग उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेनं. म्हणजे अंतर गुणिले साइन पूर्वेकडे, अंतर गुणिले कोसाइन उत्तरेकडे. मी उलटं घेतलं होतं, आणि तरी अंतर बरोबर येतं, म्हणून चूक दिसतच नव्हती!

पुन्हा मांडलं. पूर्वेला ६.९३ + ३ = ९.९३, उत्तरेला ४ − ५.२० = −१.२०. पूर्व भागिले उत्तर करून टॅन इन्व्हर्स दाबलं तर −८३.१, उत्तरेपासून उलटं, पश्चिमेकडे. म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून उरणकडे निघालेली होडी हा कॅल्क्युलेटर थेट अरबी समुद्रात सोडतोय. त्याला फक्त भागाकार कळतो, उणे वरचं की खालचं ते नाही. उत्तरेचा आकडा उणे, म्हणून १८० मिळवले: ९६.९, लिहायचं ०९७°.

फोन करून भाचीला सांगितलं. तोवर तिनं आकृतीत होडी वळली त्या ठिकाणी उत्तरेचा एक बाण काढला होता. तिथून बंदर २४०° वर, पुढची वाट १५०° वर. फरक ९०. काटकोन! टॅन इन्व्हर्स ६/८ म्हणजे ३६.९, अधिक ६०. तिच्या तीन ओळी, माझी चार पानं.