सॉफ्टवेअर गुणवत्तेच्या संस्थेसाठी समित्या कशा उभाराव्यात

टेस्टर, गुणवत्ता अभियंते आणि ऑडिटर मंडळी एकत्र येऊन संस्था काढतात, तेव्हा सुरुवातीला सगळा भार कार्यकारिणीतल्या सात-आठ जणांवर पडतो. परिषद त्यांनीच भरवायची, परीक्षा त्यांनीच घ्यायची, वर्गणीचा हिशेबही त्यांनीच ठेवायचा. नोकरी सांभाळून हे फार दिवस झेपत नाही. कामं वाटून घेणाऱ्या समित्या लागतातच.

समित्यांची नावं ठरवण्याआधी कामांची यादी करा. ज्या कामाला वर्षभर माणसं लागतात, त्यासाठी स्थायी समिती नेमा. घटनादुरुस्तीसारखं एकदाच करायचं काम असेल, तर तदर्थ समिती पुरते. नव्या संस्थेने तीन-चार समित्यांवर थांबावं हे माझं ठाम मत आहे. दहा समित्या काढल्या की तीच चार माणसं प्रत्येक समितीत दिसतात आणि एकही समिती धड चालत नाही.

कार्यकक्षा एका पानात लिहा

समितीने काय करायचं, तिची मुदत किती, खर्चाची मर्यादा किती, अहवाल कधी द्यायचा, हे सगळं त्या पानावर असू द्या. मात्र सर्वांत काळजीपूर्वक लिहायचा भाग अधिकारांचा. कोणता निर्णय समितीचा आणि कशाला कार्यकारिणीची मंजुरी लागेल, हे आधीच स्पष्ट हवं. समितीने महिनोन्‌महिने खपून केलेला अभ्यासक्रम कार्यकारिणीने एका बैठकीत फिरवला, तर ती माणसं पुन्हा कामाला येत नाहीत आणि त्यांचं चुकतही नाही.

परीक्षा समिती वेगळीच ठेवा

संस्था प्रमाणपत्र देणार असेल, तर तिची पत या समितीवर ठरते. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा भर निःपक्षपातीपणावर आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की जो सदस्य त्याच परीक्षेचे वर्ग घेतो, त्याला प्रश्नपेढी दिसता कामा नये. प्रशिक्षण समिती आणि परीक्षा समिती यांत एकही सामाईक माणूस नको. सदस्य कमी आहेत म्हणून इथे सवलत देऊ नका. त्यापेक्षा परीक्षा एक वर्ष पुढे ढकला.

प्रश्न तपासायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणातून पाहा. ‘एका रकान्यात १८ ते ६० वय चालतं, सीमामूल्य विश्लेषणाने कोणती मूल्यं तपासाल?’ सीमामूल्य विश्लेषण म्हणजे मर्यादेवरची आणि तिच्या लगतची मूल्यं तपासणं. प्रश्न सरळ वाटतो. पण दोन-मूल्य पद्धतीने (सीमा आणि तिच्या पलीकडचं एक मूल्य) उत्तर येतं १७, १८, ६०, ६१, तर तीन-मूल्य पद्धतीने (सीमा आणि तिच्या दोन्ही बाजूंचं एकेक मूल्य) १७, १८, १९, ५९, ६०, ६१. प्रश्नात पद्धत सांगितलेली नसेल आणि पर्यायांत दोन्ही संच असतील, तर अभ्यास केलेला उमेदवारच गोंधळतो. म्हणून प्रश्न लिहिणारा एक, उत्तर न बघता सोडवणारा दुसरा आणि भाषा तपासणारा तिसरा, अशी साखळी ठेवा. परीक्षेनंतर ज्या प्रश्नावर चांगले गुण मिळवणारेच अडखळले, तो प्रश्न बाहेर काढून पुन्हा वाचा.

मानकांवरची समिती

आयएसओसारख्या संस्थांच्या मसुद्यांवर सभासदांचं म्हणणं गोळा करून पोचवणं हे या समितीचं काम. त्यासाठी एक तक्ता करा: कलम क्रमांक, अभिप्रायाचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की भाषिक), नेमका आक्षेप, सुचवलेला बदललेला मजकूर आणि समितीचा निर्णय. ‘हे कलम पटत नाही’ एवढंच लिहिलेला अभिप्राय परत पाठवा. पर्यायी मजकूर मागा. जो अभिप्राय नाकाराल, त्याचं कारण शेवटच्या रकान्यात लिहाच. २०१३ मध्ये सॉफ्टवेअर चाचणीच्या २९११९ या मानकाचे पहिले भाग आले आणि पुढच्याच वर्षी टेस्टर मंडळींनी ते मागे घ्यावं म्हणून सह्यांची मोहीम उघडली. या मानकामागे खरी सहमती नाही, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. आपलं ऐकलं गेलं आणि कारण देऊन नाकारलं गेलं, हे कळलेला सभासद संस्थेत टिकतो.

समित्यांचा एकमेकींशी संबंध इथेच येतो. सॉफ्टवेअरची गुणवत्ता कोणत्या निकषांवर पाहायची हे सांगणाऱ्या आयएसओ/आयईसी २५०१० या गुणवत्ता-प्रतिमानाच्या २०११ च्या आवृत्तीत मुख्य गुणवैशिष्ट्यं ८ होती, २०२३ च्या आवृत्तीत ९ झाली. ‘सिक्युरिटी’ (माहितीचं संरक्षण) आधीपासून होतीच, ‘सेफ्टी’ (माणसांना, मालमत्तेला धोका न पोचणं) नव्याने आली. मानक समितीला हे कळलं आणि परीक्षा समितीला कळलं नाही, तर उमेदवार जुन्या उत्तरांवर नापास-पास होत राहतील. तेव्हा दर तिमाहीला सगळ्या निमंत्रकांची एक छोटी बैठक ठेवा. विषय एकच: आमच्याकडे काय बदललं आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम होईल.

परिषदेच्या कार्यक्रम समितीला दोन नियम पुरेत. प्रत्येक निबंध निदान दोघांनी वाचावा आणि आपल्या सहकाऱ्याचा निबंध आला की परीक्षकाने बाजूला व्हावं. हिशेब आणि निवडणूक यांच्या समित्या लहान ठेवा. निवडणूक समितीत स्वतः उमेदवार असलेला कोणी नको, इतकं पाहिलं तरी बरंच साधतं.

माणसं आणि मुदत

निमंत्रक नेमताना ज्ञानाआधी सवय बघा: बैठकीचं इतिवृत्त दोन दिवसांत पाठवणारा माणूस नामवंत तज्ज्ञापेक्षा उपयोगी पडतो. सदस्यांची मुदत दोन वर्षं ठेवा, पण सगळ्यांची एकदम संपू देऊ नका. दरवर्षी अर्धे बदलावेत. नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी एखादं छोटं, संपणारं काम द्या. दहा प्रश्नांची भाषा तपासणं हे उत्तम काम आहे. इतिवृत्तं, प्रश्नपेढी आणि पासवर्ड संस्थेच्या खात्यात राहू द्या, कोणाच्या खासगी ईमेलमध्ये नकोत.

वार्षिक सभेच्या महिनाभर आधी कार्यकारिणीने प्रत्येक समितीचं ते एक पान पुन्हा वाचावं. ज्या समितीकडे आता काम उरलेलं नाही, तिच्या सदस्यांचे आभार मानून ती रीतसर ठरावाने बरखास्त करावी, आणि तिची कागदपत्रं कोणाच्या ताब्यात गेली हे त्याच ठरावात नोंदवावं.