सोयाबीन गोदामात ठेवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीनची आवक वाढते, भाव बसतो, आणि "ठेवून देऊ गोदामात" असं जो तो म्हणतो. पण कोणत्या गोदामात, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

ओळखीच्या व्यापाऱ्याचं शेड आणि राज्य वखार महामंडळाचं गोदाम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्यापारी वहीतलं पान फाडून देतो. ते दाखवून बँक दारातही उभं करणार नाही. डब्ल्यूडीआरए म्हणजे गोदामांवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण; त्याच्याकडे नोंदणी झालेल्या गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती तारण ठेवून कर्ज मिळतं. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, मुदत ६ महिन्यांची. वखार महामंडळात शेतकऱ्याला भाड्यात सवलत असते. सातबारा सोबत न्या.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती वजनावरून. १४ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन आत गेलं आणि सुकून १० टक्क्यांवर आलं, तर काट्यावर साधारण साडेपंचाण्णव किलो भरेल. यात चोरी कोणाचीच नाही, पाणी उडालंय. म्हणून माल आत टाकतानाच मीटरवर ओलावा मोजून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या. १२ टक्क्यांच्या वर असेल तर आधी ऊन दाखवा. वरून दाणा खडखडीत वाटतो, पण थप्पीच्या मधल्या कट्ट्यात हात घातला की गरम लागतो आणि कुबट वास येतो. तोवर बुरशी धरलेली असते.

थप्पी थेट फरशीवर लावू नका, खाली लाकडी फळ्या हव्यात. भिंतीपासून हातभर जागा सोडा. पुढच्या हंगामाचं बियाणं ठेवायचं असेल तर हमालांना कट्टे आदळू देऊ नका. सोयाबीनचं साल पातळ, मार बसला की उगवण जाते. खत किंवा फवारणीचं औषध त्याच खोलीत नको.

घरच्या खोलीत धुरीच्या गोळ्या टाकणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. त्यातला फॉस्फीन वायू माणसालाही मारतो. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

 

भाव वाढायची वाट बघताना भाडं आणि व्याज दर महिन्याला मांडत चला. क्विंटलमागे तेवढी वाढ दिसत नसेल, तर माल काढून मोकळे व्हा.