मंडळीचा सेवा-निधी: गोळा कसा करावा, जवळ कसा द्यावा, परदेशी कसा पाठवावा

खान्देशातल्या पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांचा सेवा-निधी, म्हणजे गरजूंच्या मदतीसाठी आणि मिशनकार्यासाठी जमवलेला पैसा, नाताळच्या उत्साहात सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्यात बंद पडतो. देणगीचे वचन दरमहाचे दिलेले असते, आणि इथे पैसा दरमहा येत नाही, हे त्याचे कारण. भुसावळला रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत नोकरी करणाऱ्याचा पगार महिन्याला खात्यात पडतो. चोपडा-शिरपूरकडच्या कापूसवाल्याच्या हातात पैसा खेळतो तो दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. रावेर-यावलच्या केळीवाल्याला माल कटेल तेव्हा पैसे मिळतात. अक्कलकुवा-धडगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळी उरकली की ऊसतोडीला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. या सगळ्यांच्या हाती एकच मासिक पाकीट दिले, तर चार महिन्यांनी निम्मी पाकिटे रिकामी येतात आणि लाजेने माणसे उपासनेलाही येईनाशी होतात.

म्हणून वचनपत्रिका तीन प्रकारची छापा: पगारदारांना मासिक, शेतकऱ्यांना हंगामी (वर्षातून दोनदा, माल विकल्यावर), आणि ज्यांच्याकडे रोकड नसतेच त्यांना धान्याची. पत्रिकेवर रक्कम देणाऱ्याने स्वतः लिहावी, ती उपासनेत वाचून दाखवू नये. पहिल्या वर्षी वचनांच्या बेरजेतले सत्तर टक्केच हाती येतील असे धरून खर्च आखा.

आधी ठराव, मग पेटी

मंडळी कोणाच्या न्यासाखाली (ट्रस्टखाली) येते ते प्रथम पाहा. धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या न्यासाखाली असाल, तर वेगळे खाते उघडायला वरून लेखी परवानगी लागते. मंडळी स्वतंत्र असेल आणि तिची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली असेल, तर न्यासपत्रातले उद्देश काढून वाचा. उपासना आणि इमारतीची देखभाल एवढेच लिहिलेले असेल, तर रुग्णांच्या औषधावरचा खर्च उद्देशाबाहेरचा म्हणून लेखापरीक्षणात अडकतो. उद्देशांत बदल करायचा तर सीए आणि वकिलाला विचारून रीतसर करा.

बँकेत अडचण बहुधा वेगळ्याच ठिकाणी येते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे किंवा प्रलंबित राहिल्यामुळे जुन्याच विश्वस्तांच्या सह्या चालू राहतात. त्यांतला एक जण सुरतेला मुलाकडे जातो, दुसरा वारतो, आणि खाते अडकते. निधी सुरू करण्यापूर्वी सह्यांचा हा गुंता सोडवून घ्या.

समिती पाच जणांची पुरे: खजिनदार, चिटणीस, महिला मंडळाची एक बाई, तरुण संघातला एक, आणि हिशेब कळणारे एक वडील. धनादेशावर दोघांच्या सह्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत. पाळकसाहेबांना सही करणाऱ्यांत घेऊ नका. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. त्यांची बदली झाली की खाते थांबते, आणि कोणाला मदत नाकारायची वेळ आली तर बोल त्यांना लागतो. क्यूआर कोड न्यासाच्याच खात्याचा हवा. कोणाच्या खासगी नंबरावर 'तात्पुरते' घेतलेले पैसे हे भांडणाचे सर्वांत जुने मूळ आहे.

दान मोजायला दोन वेगळ्या घरांतली माणसे बसवा, तिसऱ्याने लिहावे. उपासना संपल्यावर लगेच, तिथेच. तिघांच्या सह्यांची चिठ्ठी वहीत चिकटवा आणि सोमवारी भरणा करा. पेटीतल्या रोकडीतून कोणालाही परस्पर काही देऊ नका, अगदी दवाखान्याची घाई असली तरी. त्यासाठी खजिनदाराकडे तीन हजारांची किरकोळ रोकड वेगळी ठेवा. बायबलमध्ये, यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथच्या मंडळीने गोळा केलेले दान न्यायला प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी माणसे धाडली होती ती याच कारणाने, कोणी दोष ठेवू नये म्हणून. तेव्हा मोजणीला दुसरा माणूस बसवला तर कोणी वाईट वाटून घेऊ नये.

मूठभर धान्य

मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्या तांदळावर तिथल्या मंडळ्यांनी मोठे मिशनकार्य उभे केले. आपल्याकडे तांदळाऐवजी दादर (ज्वारी) किंवा बाजरी. हिशेब असा: एक मूठ साधारण ५० ग्रॅम, दिवसाला दोन मुठी म्हणजे १०० ग्रॅम, महिन्याला ३ किलो. चाळीस घरांचे १२० किलो. किलोला ३० रुपये धरले तर ३,६०० रुपये.

हा उपक्रम बुडतो तो दोन कारणांनी. पहिले म्हणजे भेसळ: ज्वारी, बाजरी, मका एकाच पोत्यात पडला की व्यापारी हात लावत नाही. प्रत्येक धान्याला वेगळे पोते, आणि पोत्यावर नाव. दुसरे सोंडे. ओलसर धान्य बंद डब्यात महिनाभर राहिले की पावसाळ्यात किडते. घरून आणताना ऊन दाखवून आणायला सांगा, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारनंतर धान्य हलवाच. साठवून भाव वाढण्याची वाट पाहणे हे मंडळीचे काम नाही.

कापणीच्या सणात अर्पण आलेल्या मालाच्या लिलावाबद्दल एकच सूचना: उधारी नको. उत्साहात एक पपई पाचशेला जाते आणि ते पाचशे पुढच्या सणापर्यंत वहीत राहतात. रोख, यूपीआय, नाहीतर पंधरा दिवसांची लेखी मुदत. आणि सणानंतर महिन्याने उरलेली थकबाकी वहीतून काढून टाका. वसुलीला फिरणारा पंच कोणाला आवडत नाही.

जवळचे काम

सुरुवातीला निधीचा निम्मा भाग आपल्याच जिल्ह्यात, तीस टक्के देशात इतरत्र, दहा परदेशासाठी, दहा आपत्तीसाठी राखीव अशी वाटणी चालते. जवळची कामे दोनच घ्या. दहा ठिकाणी हजार-हजार दिल्याने फलकावर नावे दिसतात, पण कोणाचेच काही भागत नाही.

धान्य हाताशी असलेल्या मंडळीने क्षयरुग्णांचा पोषण आहार घ्यावा असे आम्ही आग्रहाने सांगू. केंद्र सरकारची निक्षय मित्र योजना २०२२ पासून आहे. तिच्यात व्यक्तीप्रमाणे संस्थाही नोंद करू शकते, आणि किमान सहा महिन्यांची बांधिलकी घ्यावी लागते. प्रौढ रुग्णाची महिन्याची शिदोरी अशी: धान्य ३ किलो, डाळ दीड किलो, खाद्यतेल २५० ग्रॅम, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे १ किलो. जमल्यास ३० अंडी. दहा रुग्ण घेतले तर धान्य ३० किलो, डाळ १५ किलो, तेल अडीच किलो, शेंगदाणे १० किलो. मुठीच्या १२० किलोतले ३० किलो थेट शिदोरीत जातात. उरलेले ९० किलो विकून २,७०० येतात. डाळ आणि शेंगदाणे १२० रुपये, तेल १५० रुपये किलो धरले तर खर्च ३,३७५. वरचे पावणेसातशे निधीतून घाला. भाव तुमच्या बाजारातले घालून हा हिशेब पुन्हा करा, पण पद्धत हीच.

रुग्ण आपण निवडायचे नाहीत. तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडून, रुग्णाची संमती असलेली यादी घ्या. पिशवी घरी पोचवायला चार माणसे आणि बॅनर घेऊन गेलात, तर गल्लीला आजार कळतो आणि लग्नाची मुलगी असलेले घर दार लावून घेते. उपकेंद्रात आशाताईंच्या हातून द्या, साध्या पिशवीत. फोटो नको, पावतीवर अंगठा पुरे. ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाला निघताना दोन महिन्यांचे सामान, म्हणजे साडेअकरा किलो, एकदम द्या आणि पथकाला कळवा. औषध दुसरीकडे मिळायची सोय त्यांनाच करावी लागते. अंडी या बांधाबांधीत येत नाहीत, तो नाद सोडा.

दुसरे काम दवाखान्याचे. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आहे. अशा ठिकाणी मदत द्यायची तर रुग्णाच्या हातात न देता बिलाच्या क्रमांकावर, रुग्णालयाच्या खात्यात भरा. त्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का ते विचारा. सरकार देते तिथे मंडळीचा पैसा घालणे म्हणजे दुसऱ्या कोणाचा घास काढणे. योजना देत नाही ते तुम्ही द्या: गाडीभाडे, सोबत राहणाऱ्याचे जेवण, बुडालेली मजुरी.

मदत मागणाऱ्याशी अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत बोलणारा माणूस समितीसोबत हवा. छापील मराठी अर्जावर अंगठा घेऊन आलेली माहिती निम्मी चुकीची असते.

देशात इतरत्र

भारतीयांच्या पैशावर, भारतीयांनी चालवलेले मिशन ही कल्पना जुनी आहे. तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी १९०३ ची, सेरामपूरला स्थापन झालेली नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ ची. अशा एखाद्या संस्थेच्या सेवकाचा किंवा वसतिगृहाचा भार उचलताना तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. जी संस्था ते द्यायला कुरकुरते, तिला नमस्कार. पहिले वचन देण्याआधी तीन महिन्यांची रक्कम खात्यात साठवा, आणि सेवकाचा पूर्ण भार न उचलता चौथा हिस्सा घ्या. पूर्ण भार घेतलेली छोटी मंडळी अडखळली की तिकडे कोणाच्या तरी मुलाची शाळेची फी थांबते.

दोन आकडे सीएकडून तपासून घ्या. आयकराच्या हिशेबात दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीतले ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात. आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर तो खर्च धरला जात नाही. देणगीदाराला मिळणाऱ्या ८०जीच्या करसवलतीचे आश्वासन व्यासपीठावरून देऊ नका. एका विशिष्ट धर्मसमाजाच्या हितासाठी असलेल्या न्यासाला ती मिळत नाही, आणि मंडळीचा न्यास बहुधा त्यातच मोडतो.

परदेशी पाठवताना

मंडळीच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवायला जाऊ नका. न्यासाचे उत्पन्न भारताबाहेर खर्च झाले तर त्यावरची करसवलत, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची आधी मंजुरी नसेल तर, मिळत नाही. शिवाय परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे, संस्थांसाठी नाही.

म्हणून मार्ग व्यक्तीचा. ज्या कुटुंबाला पूर्व आफ्रिकेतल्या दवाखान्याला किंवा तसल्या कामाला द्यायचे आहे, त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पैशातून पाठवावे. वार्षिक मर्यादा २,५०,००० डॉलर आहे, ती कोणाला आड येणार नाही. बँकेत पॅन आणि ए-२ अर्ज (परदेशी पैसे पाठवण्याचा) लागतो. हेतूच्या जागी परदेशातल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला देणगी असे लिहा, कुटुंबाचा उदरनिर्वाह असे नव्हे. चौघांचे पैसे एकाच्या खात्यात जमवून पाठवू नका, कारण अर्जावर पैसा माझा आहे असे तो लिहून देतो. बँकेचे शुल्क, मधल्या बँकेची कपात आणि जीएसटी धरून दर महिन्याला दोन हजार पाठवणे परवडत नाही. वर्षातून एकदाच पाठवा. स्विफ्ट कोड (तिकडच्या बँकेची ओळखखूण) आणि खातेदाराचे नाव अक्षरन् अक्षर जुळवा. नाव चुकले तर रक्कम आठवड्यांनी परत येते, शुल्क कापून. नेपाळसाठी बँकांची वेगळी सोय आहे, तिचे नियम शाखेत आधी विचारा.

निधीतले परदेशासाठीचे दहा टक्के मग कशाला? परदेशी जाणाऱ्या परिचारिकेच्या, शिक्षकाच्या भारतातल्या तयारीला: भाषेचे शिक्षण, पासपोर्ट, लसी. हा खर्च इथे होतो, पावती इथली मिळते.

उलट दिशेचा पैसा जास्त जपा. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला आपल्याच गावचा भाचा सुट्टीत आला आणि दानाच्या थैलीत पाचशेची नोट टाकून गेला, तरी ते परकीय योगदान ठरते. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचे) असले तरी फरक पडत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणारा मात्र आपल्या बचतीतून, बँकेमार्फत देऊ शकतो. एफसीआरए (परकीय योगदानाचा कायदा) खाली मंडळीची नोंदणी नसेल तर पहिल्याला नम्रपणे थांबवा आणि थैली फिरवण्याआधी तसे जाहीर करा. नोंदणी असेल, तर असा पैसा केवळ दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात येऊ शकतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

सीमेपलीकडची गावे

नवापूरहून तापी जिल्ह्यात किंवा शहाद्याहून खेतिया-पानसेमलकडे मदत नेणाऱ्या तरुणांना एक गोष्ट निघण्याआधी सांगा. गुजरात आणि मध्य प्रदेशात धर्मांतराविषयी कायदे आहेत, आणि वस्तूची भेटही त्यांत आमिष ठरू शकते. ज्या गाडीत धान्य आहे त्या गाडीत पत्रके नकोत, ज्या दिवशी वाटप आहे त्या दिवशी सभा नको. यादी ग्रामपंचायतीकडून घ्या, वाटप सरपंचासमोर करा, आणि त्यात सगळ्या घरांचा समान हिशेब ठेवा. सीमेच्या अलीकडच्या गावांतही हीच शिस्त पाळा.

जमा-खर्च दर तिमाहीला मंडळीच्या फलकावर लावा: आले किती, गेले किती, कोणत्या कामाला. घेणाऱ्यांची नावे लावू नका. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपले की लेखापरीक्षणाला सहा महिने असतात. तरी वह्या आणि पावत्या मे महिन्यातच सीएकडे द्या. पेरणी सुरू झाली की खजिनदार शेतात असतो, आणि हरवलेली पावती सप्टेंबरात सापडत नाही.