वर्डप्रेसवर पहिल्या लॉगिनला स्वागत पान कसं दाखवावं

स्वागताचं पान बनवून त्याचा आयडी (वर्डप्रेसने त्या पानाला दिलेला क्रमांक) टिपून ठेवा. नव्या माणसाला त्या पानावर नेणारा कोड थीमच्या फंक्शन्स फाइलीत टाकू नका, थीम बदलली की तो गेला. छोटंसं स्वतःचं प्लगइन करा.

१. नवा कोण, ते ठरवणं

सगळा घोळ इथेच होतो. वर्डप्रेस सभासदाच्या नोंदणीची तारीख ठेवतं, पण त्याने आधी कधी लॉगिन केलंय का, याची नोंद ठेवत नाही. मग जो तो आपली युक्ती सांगतो. कोणी म्हणतं कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) ठेवा. माणूस सकाळी फोनवरून येतो, दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, आणि दोन्हीकडे त्याचं स्वागत होतं. कोणी म्हणतं नोंदणीला २४ तास झाले नसतील तर नवा समजा. ॲडमिनने आज खातं उघडून दिलं आणि माणूस पुढच्या आठवड्यात आला, तर त्याला पान कधी दिसतच नाही.

सगळ्यांत जास्त खपणारा सल्ला म्हणजे युजर मेटामध्ये (खात्यासोबत जपल्या जाणाऱ्या जादा नोंदींमध्ये) ‘पान पाहिलं’ अशी खूण करा, खूण नसेल तो नवा. रिकाम्या साइटवर हे झकास चालतं. चालू साइटवर मात्र कोणाच्याच खात्यावर ही खूण नसते, त्यामुळे सगळे एकदम नवे ठरतात. एका संस्थेच्या साइटवर हे बसवल्यावर जुन्याजाणत्या सभासदांना ‘आपलं परिवारात स्वागत’ दिसलं आणि आमचं खातं उडालं का, म्हणून फोन सुरू झाले.

खूण उलटी करा. खातं तयार होताना ‘युजर रजिस्टर’ हा हुक (ठरावीक क्षणी आपला कोड चालवायची जागा) चालतो, ॲडमिनने डॅशबोर्डवरून खातं उघडलं तरीही. तिथे ‘स्वागत बाकी’ अशी मेटा नोंद घाला. जुन्यांकडे ती नोंद नसणारच, त्यामुळे त्यांना धक्काही लागत नाही. संपादक, ॲडमिन यांना वगळायचं तर भूमिका इथेच तपासा.

२. वळवणं

‘लॉगिन रिडायरेक्ट’ हा फिल्टर वापरा. फिल्टर म्हणजे हुकच, पण त्यात आलेली गोष्ट हवी तर बदलून परत द्यायची असते. त्यात तीन गोष्टी हातात येतात: जायचा पत्ता, माणसाने मागितलेला पत्ता आणि युजर. तिसऱ्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. नुसतं लॉगिनचं पान उघडलं किंवा पासवर्ड चुकला तरी हा फिल्टर चालतो आणि युजरच्या जागी एरर ऑब्जेक्ट असतो. आधी तो खरोखर युजर आहे का बघा, मग नोंद बघा, मग स्वागत पानाचा पत्ता परत द्या. नुसता परत द्या! ‘डब्ल्यूपी लॉगिन’ हुकवर रिडायरेक्ट करून तिथेच एक्झिट मारा (कोड थांबवा), असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्या हुकवर पुढे रांगेत असलेलं काहीच मग चालत नाही, आणि टू-फॅक्टरचा, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा, दुसरा कोडही काही प्लगइन तिथेच विचारतात.

माणूस ईमेलमधल्या लिंकवरून फॉर्म भरायला आला असेल, तर त्याला फॉर्मवरच जाऊ द्या. नोंद शिल्लक राहते, स्वागत पुढच्या वेळी होईल. मागितलेला पत्ता रिकामा किंवा डॅशबोर्डचा असेल तरच वळवा.

पान त्याच डोमेनवर हवं. परक्या पत्त्यावर वर्डप्रेस पाठवत नाही, डॅशबोर्डवर नेऊन सोडतं.

३. नोंद पुसणं

फिल्टरमध्ये पुसू नका. मागून दुसऱ्या प्लगइनने पत्ता बदलला, तर पान न दिसताच नोंद गेलेली असते. ‘टेम्प्लेट रिडायरेक्ट’ हुकवर, स्वागत पान प्रत्यक्ष उघडल्यावरच पुसा, आणि ते पान कॅशमधून (पानांच्या साठवलेल्या प्रतींमधून) वगळा.

वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनच्या ‘माय अकाउंट’ फॉर्मला वरचा फिल्टर लागत नाही. त्याचा लॉगिनचा फिल्टर वेगळा, नोंदणीनंतरचा आणखी वेगळा. दोन्हीकडे हीच तपासणी जोडा.

४. तपासणी

इन्कॉग्निटोमध्ये नव्या खात्याने दोनदा लॉगिन करा, पान एकदाच दिसायला हवं. मग एक जुनं खातं. शेवटी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. पांढरं पान किंवा ‘क्रिटिकल एरर’चा संदेश आला, तर युजरची तपासणी राहून गेलीय.